तीन भांड्यांचा घाणा

मी एक जुना तेलाचा घाणा आहे, मित्रांनो. खटकचिंचोळीच्या बाजारवाटेला, ओढा ओलांडून चढ चढलं की डाव्या हाताला, कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला उभा आहे. जन्मभर एका जागी राहिल्यामुळे माझी नजर सतत वाटेवर आणि जीव टांगणीला. कोण आलं, कोण आलं नाही, याची काळजी करत करकरणं हा माझा स्वभावच झाला. बैलसुद्धा त्याला कंटाळला होता.

त्याआधी मी चिंचेचं झाड होतो. धोंडप्पा सुताराने माझा बुंधा पोखरून उखळ केलं, त्यात उभी लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, बसवली आणि लाटेला एक आडवी फळी जोडली. फळीला बैल जुंपायचा आणि फळीवर मोठा दगड ठेवायचा. भार पडला म्हणजे लाट दाबून फिरते आणि करडई तेल सोडते. दगड नसला तर माणसं बसतात. भार कशाचा, याच्याशी मला कर्तव्य नाही. मात्र एक शिस्त माझ्या दारी कडक होती. उखळात माल पडला की तेल पुरतं निघेपर्यंत घाणा थांबवायचा नाही.

माझा मालक पिराप्पा तेली आणि त्याची बायको अनसाबाई. पिराप्पा तापाने गेला, तेव्हा भाऊबंद म्हणाले की बाईमाणसाला घाणा झेपायचा नाही. दुसऱ्या दिवशी अनसाबाईने बैलाच्या डोळ्यांना झापड बांधली आणि उखळात करडई ओतली. पुढे तिच्या तेलाचं नाव बाजारात झालं, आणि तेच भाऊबंद बरणी घेऊन रांगेत उभे राहू लागले. मला तेव्हा फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आमची एक जुनी रीत होती. फाल्गुनात नवी करडई आली की पहिलं तेल विकायचं नाही. ते गावच्या तीन दिव्यांचं. मारुतीच्या देवळातून तांब्याची चरवी यायची, मठातून पितळेची कासंडी आणि दर्ग्यातून कातड्याची बुधली. बोलावणं कोणी करत नसे. भांडी आपापली येत, माझ्या बुडाशी शेजारी शेजारी बसत आणि भरून जात. भांडी आणणारी माणसं मात्र अलीकडे एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण काळच तसा आला होता. हैदराबाद संस्थानाची ती अखेरची वर्षं. आमचा मुलूख जहागिरीचा, आणि जहागिरीची एक मजलिस होती, कायदे ठरवणारी सभा. तिच्यात निम्मी माणसं दिवाणाची आणि उरलेल्या निम्म्यांत तीन पक्ष. रयत पक्षाचे पुढारी अंकुशराव पाटील, मारुतीच्या देवळाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच. व्यापारी मंडळाचे शिवशंकरप्पा, ते मठाचे कारभारी. अंजुमनचे लाडलेसाब, ते दर्ग्याची देखभाल करत. तिघांचं कशावरच एकमत होत नसे. एकाने ओढ्यावर पूल मागितला की दुसऱ्याला ओढाच नको वाटे.

अशात एका बाजारच्या दिवशी दवंडी पिटली गेली. मजलिशीत रोशनीचा नवा कायदा येणार होता. जहागिरीच्या ठाण्यात एक ठेकेदार इंजिन बसवणार, त्यावर तेल गाळणार आणि त्याच इंजिनाने वीज करून जहागीरदाराच्या हवेलीत आणि कचेरीत दिवे लावणार. गावोगावी दिव्याचं तेल फक्त त्याचंच विकायचं. हवेलीतल्या विजेसाठी खेड्यांतल्या घरांनी दिवापट्टी भरायची. आणि बाकी सगळे घाणे सील करायचे.

सील हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्या उखळावर लाखेचा शिक्का बसेल, मग जळणासाठी कुऱ्हाड येईल, हे अनसाबाई बैलाला सांगत होती. तिची चूल माझ्यावर पेटत होती, मित्रांनो. मी बंद झालो असतो तर तिला भाऊबंदांच्या दारी धुणीभांडी करावी लागली असती. त्या दिवसापासून मी जरा जास्तच करकरू लागलो.

तसे तिन्ही पक्ष कायद्यावर भडकले होते, पण आपापल्या ओट्यावर. तिघे एक झाले तर मतं बरोबरीत येत होती, आणि बरोबरी झाली तर मसुदा पडतो, अशी मजलिशीची रीत होती. म्हणून एकत्र सभा घ्यायचं ठरलं. अध्यक्ष कोणी व्हायचं यावरून भांडण जुंपलं आणि सभा झालीच नाही. अंथरलेली सतरंजी तशीच गुंडाळून परत नेली.

मग फाल्गुन आला. अनसाबाईने नवी करडई घातली आणि पहिलं तेल काढलं. सकाळ गेली, दुपार झाली, एकही भांडं आलं नाही.

इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. अनसाबाईला आधी वाटलं, कुणाकडे सुतक असेल. पण तिन्हीकडे एकदम कसं असेल? तिने तेल झाकून ठेवलं आणि स्वतःच विचारायला निघाली. ती परतेपर्यंत मला चैन पडलं नाही. आली ती चेहरा पाडून. लाडलेसाबांनी नजर चुकवली होती. मठात तिला सांगितलं, यंदा तेलाची सोय झाली आहे. देवळात पुजाऱ्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. तिघांनाही कोणीतरी तेल कबूल केलं आहे, आणि प्रत्येकजण ते दुसऱ्यापासून लपवतो आहे, एवढं तिला कळून चुकलं.

तिने तिघांना वेगवेगळा निरोप धाडला. पहिलं तेल ठेवलं आहे, यंदा ते कारभाऱ्याच्याच हाती देईन, उद्या सकाळी भांडं घेऊन या. पहिल्या तेलाला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. दिव्याचा कोप नको, म्हणून तिघे आले आणि एकमेकांना पाहून जागीच थबकले. अंकुशराव तर आल्या पावली परत फिरायला निघाले होते.

अनसाबाईने त्याआधीच माझ्या फळीवरचा दगड खाली ढकलून ठेवला होता. उखळात ताजी करडई होती आणि बैल जुंपलेला. ती म्हणाली, दगड उचलायला माणूस नाही, माल अर्धा सोडता येत नाही, तेव्हा तिघांनी जरा फळीवर बसावं. पहिलं तेल न्यायला आलेल्या माणसाला घाण्याचं काम टाळता येत नाही. बसले बिचारे. एरवी एका सतरंजीवर न बसणारी ती तीन मोठी माणसं मांडीला मांडी लावून गोल गोल फिरू लागली. बैल मान खाली घालून ओढत होता. मी मात्र भीतीने करकरत होतो, की आता ही फळी मोडते का सभा.

"तुमची भांडी कामून आली न्हाईत?" अनसाबाईने विचारलं.

दोन फेरे झाले. मग लाडलेसाब हळूच म्हणाले, "अक्का, दर्ग्याचं तेल दिवाणसाब फुकट देतो म्हनलेत. कायदा येईल त्या दिवशी आमी मजलिशीला जायचं न्हाई, एवढंच."

शिवशंकरप्पांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "मठालाबी हेच सांगितलंय की. फक्त मठालाच देतो म्हनले होते."

अंकुशराव संतापून उठले. भार कमी झाल्याबरोबर फळी उचलली गेली आणि माझी लाट उखळात खडखडली.

"बसा पाटील," अनसाबाई म्हणाली, "माल कच्चा हाय अजून."

ते बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि कबूल केलं, की मारुतीच्या दिव्याचंही तेच ठरलं होतं. लाजेने तिघांचेही कान लाल झाले. अनसाबाई म्हणाली, "देवाचा दिवा दिवाण लावील, पर चुलीम्होरचा दिवा कोन लावील? तुमी तिघं घरी बसलाव, तर आमच्याकडनं बोलायला कोन ऱ्हायलंय?"

तेल निघेपर्यंत ते तिघे बोलत राहिले. अध्यक्षाचा विषय कोणी काढला नाही. गोल फिरणाऱ्या फळीवर पुढे कोण आणि मागे कोण, हेच ठरत नव्हतं. शेवटी ठरलं ते एवढंच, की मजलिशीत कायद्याविरुद्ध एक उठला की बाकीच्या दोघांनीही उठायचं. भांडी भरून ती माणसं गेली.

पण बोलणं वेगळं आणि करणं वेगळं, मित्रांनो. मजलिशीच्या दिवशी अनसाबाईने उखळात दाणा टाकला नाही. सील करायला शिपाई आले तर माल वाया जाईल, हे तिला भय. ती ओट्यावर बसून वाटेकडे पाहत होती. उन्हं कलली तेव्हा ओढ्यापलीकडे एक छकडा दिसला. छकडा शिवशंकरप्पांचा. आत ते आणि लाडलेसाब, दोघेच. अंकुशराव नव्हते.

पाटील फुटले, असं ती पुटपुटली आणि तिने भिंतीला डोकं टेकलं. माझ्या लाकडाला आतून चीर गेल्यासारखं झालं. छकडा ओढ्यात उतरला, चढाला लागला आणि वळला. मागे धोतराचा सोगा हातात धरून, धापा टाकत, छकड्याला मागून रेटत अंकुशराव येत होते. ओढ्यात आणि चढावर बैलांना भार नको म्हणून ते आधीच उतरले होते.

"पडला, अक्का, कायदा पडला," त्यांनी खालूनच सांगितलं.

अनसाबाई पदराने डोळे पुसून आत गेली, करडईचं पोतं ओढत आणलं आणि उखळात दाणे ओतले.

पुढे संस्थान गेलं, जहागीर गेली, दिवाणही गेला. काही वर्षांनी इंजिन आलंच, पण कोणी जबरदस्ती केली नाही. तेल स्वस्त म्हणून लोक आपणहून तिकडे गेले. मी त्यांना नावं ठेवत नाही. विजेचा दिवा मीही वाटेवरून पाहिला, चांगला असतो. अनसाबाई थकली आणि एका उन्हाळ्यात गेली. त्यानंतरच्या फाल्गुनात चरवी आली नाही. पुढच्या साली कासंडी नाही. बुधली सगळ्यांत शेवटपर्यंत येत होती, मग तीही थांबली. या वेळी विचारायला जाणारं कोणी नव्हतं. आता माझ्या उखळात पावसाचं पाणी साचतं आणि शेळ्या ते पितात.

मला पुन्हा फिरवा, असं मी म्हणत नाही, मित्रांनो. शेंदूर लावून पूजाही करू नका. जमलं तर उखळातला पाला तेवढा काढा, म्हणजे शेळ्यांना पाणी स्वच्छ मिळेल. आणि एक करा. तुमच्या दारी नेहमी येणारं एखादं भांडं एक दिवस आलं नाही, तर रुसून बसू नका. अनसाबाई गेली होती तसं त्याच्या दारी जा आणि विचारा, कामून आलं न्हाई.