मिलेनाबाईंचा पेपर, माझी सही

मी बावन्न कंपन्यांची डायरेक्टर आहे आणि यिशुनला सरकारने बांधलेल्या साध्या फ्लॅटमध्ये राहते. हसू नका. सिंगापुरात प्रत्येक कंपनीला इथे राहणारा एक तरी डायरेक्टर लागतो, आणि परदेशी मालकांना असे डायरेक्टर पुरवणं हाच आमच्या रॅफल्स प्लेसच्या ऑफिसचा धंदा. आमचे साहेब प्रबोध माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ते कागद पुढे करतात, मी सही करते. वाचत बसले तर दिवस पुरायचा नाही.

शेजारच्या मिलेनाबाई लेकीकडे राहतात. त्या युरोपातल्या, पूर्वी कम्युनिस्ट असलेल्या एका देशाच्या. तिथल्या सर्वांत मोठ्या पेपरात तीस वर्षं मुद्रितं तपासायच्या. अजून रोज सकाळी खालच्या बाकावर बसून टॅबवर तोच पेपर वाचतात आणि चिडतात. घटस्फोट झाला तरी नवऱ्याच्या चौकशा सुटू नयेत, तसं आहे ते.

"आमच्या वेळी पेपर पक्षाचा होता," त्या त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगतात. "नावाखाली तसं छापलेलंच असायचं. खोटं कुणाचं ते तरी कळायचं. आता म्हणे स्वतंत्र. निवडणूक आली की पानंच्या पानं एकाचेच गोडवे गातात, आणि मालक कोण ते कुणी सांगत नाही."

मार्चमध्ये त्या पेपरने त्यांच्या भावाला परदेशाचा हेर ठरवलं. भाऊ शाळामास्तर, नगरपालिकेला उभा राहिलेला. शाळेने त्याला घरी बसवलं. वकिलाने नोटीस तयार केली, पण द्यायची कुणाला? संपादकाने मालकाकडे बोट दाखवलं. मालक एक कंपनी, आणि कंपनी सिंगापूरची.

मिलेनाबाईंनी त्या कंपनीच्या नोंदणीचा कागद माझ्यापुढे धरला. पत्ता आमच्या ऑफिसचा. डायरेक्टर म्हणून माझं नाव, नवऱ्याच्या नावासकट.

"दुसरी कुणी अरुणा असेल," त्या म्हणाल्या. त्यांना तसंच हवं होतं. मलाही.

"मीच आहे."

"मग मालक कोण?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी फक्त सही करते."

त्यांनी टॅब मिटला. "मीही नोकरीच केली. पुष्कळ खोटं माझ्या हाताखालून गेलं," त्या म्हणाल्या. "पण मी ते वाचलं तरी होतं."

मला इतकी लाज वाटली की वर गेले ती कुलूप उघडून तशीच उभी राहिले. मग परत खाली आले आणि नोटीस मागितली. चारही पानं वाचली, 'कंपनीला मिळाली' असं लिहून सही केली, तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी ती प्रबोधच्या टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला.

"अरुणाताई, आपण नावापुरते असतो. हे घ्यायला कुणी सांगितलं तुम्हाला? आता कोर्ट विचारणार. तुमची नोकरी मी कशी वाचवू?"

नोकरीची भीती मलाही होतीच. फ्लॅटचे हप्ते अजून बाकी आहेत.

"मी डायरेक्टर आहे," मी म्हटलं. "मालक कोण ते सांगा. मला त्यांच्या पेपरबद्दल बोलायचंय."