पाण्याचा पेला

"टेलरबाई, मध्ये न बोलता माझं ऐकून घेणारं माणूस जगात एकच, ते म्हणजे तुम्ही. तेही तुमच्या तोंडात टाचण्या असतात म्हणून!" बँकेतल्या बाई स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसल्या.

टेलरबाई त्यांच्या पायाशी गुडघे टेकून स्कर्टची घडी टाचत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिनं नुसतंच "हं" केलं. घराचीच पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. आतून ठमी, तिची लेक, दोन्ही हातांत पेला सांभाळत आली. मशीनच्या कडेला तो अलगद ठेवून ती दोन पावलं मागे सरली आणि हात पाठीशी बांधून, मान खाली घालून उभी राहिली.

"अगंबाई, न सांगता पाणी? किती गुणाची गं पोर! आमच्या घोड्यांना हाका मारून घसा बसतो."

टाचणी स्कर्टमधून थेट टेलरबाईच्या बोटात घुसली.

पेला ठेवायची ती रीत तिच्या ओळखीची होती. तिची आई कधी ओरडायची नाही. अबोला धरायची. कशावरून, ते कळायचं नाही. मग समोर बसलेल्या पोरीकडे ती अशी बघायची, जशी काही ती जागा रिकामीच आहे. अशा वेळी पाण्याचा पेला भरून न्यायचा, आवाज न करता ठेवायचा, मागे सरून उभं राहायचं. आई प्यायली की माफी. नाही प्यायली, तर त्या पाण्यावर धूळ धरायची. शेजारणी म्हणायच्या, "किती शहाणी!"

बँकेतल्या बाई गेल्यावर तिनं टाचण्या काढल्या. "ठमे, मी पाणी मागितलं होतं का?"

"तू बोलत नव्हतीस."

"अगं वेडे, तोंडात टाचण्या होत्या!"

"मी परत नाही करणार, आई."

"काय नाही करणार?"

ते ठमीला माहीत नव्हतं. तिची नजर पेल्यावर खिळली होती. प्यावं तर पोरीचा समज पक्का, न प्यावं तर पोर अशीच उभी. टेलरबाईनं तिला ओढून मांडीवर घेतलं. "मी रागावले नाहीये. मला तहानच नाहीये गं." ठमीनं मान हलवली, पण अंग काही सैल सोडलं नाही.

"आजी दुपारी बोलते ना तुझ्याशी?"

"मी शहाणी असले की बोलते."

टेलरबाईची आई आत खिडकीशी मटार सोलत बसली होती. ठमीला सांभाळायला म्हणून टेलरबाईनंच तिला आणलं होतं. नातवंडाला जीव लावेल, असं वाटलं होतं तिला.

"आई, ठमीशी अबोला धरायचा नाही."

"हात लावला का मी तिला? तुला तरी कधी एक चापट मारली?"

"मारली असतीस तर वळ तरी दाखवता आला असता कुणाला."

"शाबास! जन्मभर खस्ता खाल्ल्या त्याचं हे फळ. एवढी वाईट आहे मी, तर ठेवू नकोस."

"तू राहा. पण उद्यापासून ठमी दुपारी माझ्यापाशी बसेल, मशीनजवळ."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. तिनं लेकीच्या अंगातून आरपार भिंतीकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

संध्याकाळी टेलरबाई भानावर आली तेव्हा ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती, आणि हातात भरलेला पेला होता. तो कधी भरला, ते तिला आठवेना. पावलांनी आवाजसुद्धा केला नव्हता. समोर आईची पाठ. मागे चाहूल लागली म्हणून तिनं वळून पाहिलं. ठमी बघत होती. तिचे हात आपसूकच पाठीशी गेले होते.

टेलरबाईनं पेला तोंडाला लावला आणि ती गटागटा, आवाज करत प्यायली. हनुवटीवरून पाणी गळ्यात ओघळलं. "तहान लागली होती बाई!" ती मोठ्यानं म्हणाली.

पाठ हलली नाही.

ठमीनं त्या पाठीकडे पाहिलं, मग रिकाम्या पेल्याकडे. आणि जेमतेम ऐकू येईल अशी म्हणाली, "मला पण लागलीय."

टेलरबाईनं पेला पुन्हा भरून तिच्या हातात दिला. ठमी उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली. पेल्याच्या काठावरून तिचे डोळे मात्र शेवटच्या घोटापर्यंत त्या पाठीवरच होते.