बाईंनी लावलेला फोन

बाईंनी फोन कानाला लावला, तशी त्यांची विद्यार्थिनी रिकाम्या वर्गातल्या बाकांमधून धावत पुढे आली आणि तिने तो चक्क त्यांच्या हातून काढून घेऊन बंद केला. तीन वर्षांत बाईंसमोर ती कधी मोठ्याने शिंकलीही नव्हती, आणि आज थेट हा पराक्रम!

"अगं, वेड लागलंय का? पीएचडीची जागा आहे ती. आज होकार कळवला नाही तर दुसऱ्याला देतील."

"म्हणूनच बंद केला, बाई. मला नाही जायचं."

या जागेसाठी बाईंनी तिथल्या प्राध्यापिकेकडे, आपल्या जुन्या मैत्रिणीकडे, शब्द टाकला होता. स्वतःच्या बढतीसाठीसुद्धा त्यांनी असं कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं.

"ती विमा कंपनी?" बाईंनी विचारलं.

"हो. सुट्टीत तिथे काम केलं, तेव्हापासून मनात होतं. तुम्हाला सांगायला धीर होत नव्हता."

"गणिताचा कंटाळा आला?"

"उलट आहे, बाई. तिथे मी सगळ्यांसमोर हप्त्याचं गणित मांडत होते. मध्येच थांबले, 'अडकले' म्हणाले आणि पेन शेजारच्याच्या हातात दिलं. सगळे बघतच राहिले."

बाईंना हसू आवरेना. त्यांच्या वर्गाची ती रीतच होती. फळ्यापाशी जो अडकेल त्याने तसं मोठ्याने सांगायचं आणि खडू दुसऱ्याला द्यायचा. बाई स्वतःही बिनदिक्कत द्यायच्या.

"मग?"

"मग तिथले साहेब म्हणाले, इथे लोक अडकलो म्हणायला घाबरतात, चुका तशाच पुढे जातात, आणि विमा काढलेल्या कुणाला तरी आजारपणात त्या निस्तराव्या लागतात. तू इथेच ये." तिने मान वर केली. "शाळेत चुकायच्या भीतीने मी कधी हात वर केला नाही, बाई. तुम्ही मला माणसांत आणलंत. आणि आज तुम्हालाच तोंडावर नाही म्हणतेय."

बाईंनी हात पुढे केला. तिने फोन परत दिला. बाई खिडकीकडे वळल्या.

"हो, मीच. मघाशी तुटला... नाही गं, ती येत नाहीये. पुढच्या मुलाला जागा दे... छे, पोरगी वाया कसली जातेय!"

फोन ठेवून त्यांनी पदराने डोळे पुसले. वाईट तर वाटलंच होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

"हं, हप्ता कसा ठरवतात ते मांड बघू. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मी? तुम्हाला?"

"हो. आणि जरा सावकाश," बाई म्हणाल्या, "मी नवीन आहे."