पातळ कॉफी

वाचा-उपचार म्हणजे तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवणं, असं लोक धरूनच चालतात. गिळायला शिकवणंही आपल्याच खात्यात येतं, हे सांगून सांगून सुलभाबाईंचाच घसा बसायची वेळ आली होती.

आज त्यांच्यापुढे हणमंतराव होते. लकव्यानंतर पातळ काही प्यायलं की ते श्वासनळीत उतरायचं, म्हणून गेले दोन महिने त्यांना सगळं पूड कालवून दाट करून मिळत होतं. पाणी त्यांनी कसंबसं सोसलं. पण कॉफीचं पिठलं? ते पाहिलं की म्हातारा तोंड फिरवायचा. आज पातळ कॉफी नीट उतरली तर ठीक, नाही तर पुन्हा पिठलंच.

तपासणी रम्या करणार होती, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. सुलभाबाई मागच्या खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसल्या. लोकांना बोलतं करण्यात हयात गेलेल्या बाईला ही शिक्षाच होती.

हणमंतरावांच्या बायकोने, अंबुबाईंनी, घरून आणलेल्या कॉफीचा एक चमचा रम्याने त्यांना भरवला.

"अज्जा, आता 'आ' म्हणा."

आवाज स्वच्छ आला. दुसऱ्या चमच्यालाही स्वच्छ. तिसऱ्याला मात्र तो ओला, गुळणी धरल्यासारखा आला. थेंब भलत्या वाटेला लागला होता. अंबुबाईंनी पदर तोंडाशी नेला. सुलभाबाईंच्या ओठांवर 'थांब' आलं होतं, ते त्यांनी महाप्रयासाने मागे ढकललं.

रम्याचा चेहरा उतरला, पण ती थांबली नाही. "खोकून घ्या, अज्जा. आता हनुवटी छातीकडे, आणि स्वल्पच घ्या."

'आ' स्वच्छ आला. पुन्हा दिला, पुन्हा स्वच्छ.

"एका वेळी अर्धा पेला," रम्या म्हणाली. "ताठ बसून, हनुवटी खाली. जवळ कुणीतरी हवंच."

तिने मागे वळून विचारलंसुद्धा नाही. सुलभाबाईंना मनापासून आनंद झाला. जरासा रागही आला, पण जरासाच.

अंबुबाईंनी अर्धा पेला भरून हातात दिला. हणमंतरावांनी वास घेतला, मान खाली घालून एक घोट घेतला आणि पेला बायकोपुढे धरला.

"बाय-टू," ते म्हणाले. हॉटेलात एक कॉफी दोघांत मागवतात, अगदी तसं.

"अर्धाच आहे की हो! त्यातलं मला कशाला?"

"तू पण सोडलीस," एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "माझ्यापायी. दिसत होतं मला."

डोळे पुसत अंबुबाईंनी पेला घेतला आणि दोन महिन्यांनी त्या कॉफी प्यायल्या.