अकरा वर्षं न सुटलेली गाठ

काय म्हणालात मॅनेजरसाहेब, गाठ बघून माणसाची लायकी कळते? मग माझंही ऐका! मी टाय बोलतोय, तुमच्या हॉटेलातल्या लिफ्टवाल्याच्या गळ्यातला.

काल त्यानं पुढच्या काउंटरचं काम मागितलं. तुम्ही चारचौघांत मला टिचकी मारलीत. "आधी टाय बांधायला शिक. ही शाळेतल्या पोराची गाठ. ये उद्या नऊला, बघू."

खरं आहे, त्याला बांधता येत नाही. कामावर लागला त्या दिवशी शिंप्यानं मला बांधलं, ते आजतागायत. रोज सैल करायचं, डोक्यावरून काढायचं, खिळ्याला अडकवायचं. घामानं गाठीचा पार दगड झालाय.

पण लिफ्टमध्ये मी कमी गाठी बघितल्या नाहीत. मालकाची जाड, तिकोनी. आधी ती आत येते, मग मालक. कारकुनांची बारीक, एका अंगाला कललेली. नवीन लागलेल्याची गळफासासारखी आवळलेली. आणि मालकाचा जावई गाठ छातीपर्यंत लोंबती ठेवतो, तर म्हणे ऐटबाज! आमच्या माणसानं तशी ठेवली असती तर गबाळा म्हणून हाकलला असता.

अहो, त्या जाड गाठीत असतं काय? एक वेढा जास्त. बस. कापडाच्या जातीचा आहे मी, मला नका शिकवू.

कुठल्या खोलीत कोण उतरलंय, कुणाला जिना चढवत नाही, सगळं आमच्या माणसाला तोंडपाठ. काउंटरवरच्याला विचारा, वही उघडेल.

आता साडेसात वाजलेत. तो आरशासमोर उभा आहे, मला हातात धरून. मागून बायको म्हणते, "अहो, सोडा की ती एकदाची. शेजारच्या मास्तरांनी काल दोनदा दाखवलं ना?"

"आणि परत नाही जमली तर? बोडक्या गळ्यानं जाऊ?"

"मग बसा जन्मभर बटणं दाबत!"

बरोबर बोलली वहिनी. अरे बाबा, कुणाला भितोस? मला? मी चिंधी आहे रे! चुरगळलो तर चुरगळलो. वाकडी आली तर परत मार, दहा वेळा मार, दीड तास आहे. पण शिंप्याची गाठ घालून त्या मॅनेजरसमोर जायचं नाही.

घाल बोट. सोड मला.