खिळ्यावरच्या हेडफोनने ऐकलेला पाळणा

मी एक जुना हेडफोन आहे, औशाच्या बसस्टँडजवळ व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानात खिळ्याला टांगलेला. आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मला माणसांची किळस आली आहे आणि मी ती लपवणार नाही.

दुकानाचे मालक उमाशंकर यांनी बारा वर्षांपूर्वी मला नांदेडहून आणले. तेव्हा माझ्या गाद्या मऊ होत्या. ते मला रोज फडक्याने पुसत आणि गिऱ्हाइकांना सांगत, "ह्यो माझा खरा कान हाय." मग दुकानात मोठा स्पीकर आला आणि माझी रवानगी खिळ्यावर झाली. येणारा-जाणारा गंमत म्हणून मला डोक्यावर चढवू लागला. कोणाचे खोबरेल तेल, कोणाचा घाम, कोणाच्या कानातला मळ! शी! गाद्यांची काळी सालपटे निघाली, तर उमाशंकरांनी त्यांना चिकटपट्टी गुंडाळली. ती पट्टीही आता घाणीने चिकट झाली आहे.

घाण एक वेळ सोसली असती. मला शिसारी येते ती त्यांच्या कामाच्या पद्धतीची. व्हिडिओत खरखर आली की मूळ आवाज बंद करायचा आणि वर गाणे टाकायचे. नवरीचे वडील हुंदके देत होते, तिथेही गाणे! आवाज बारीक असला तर पडद्यावरची आवाजाची पट्टी शेवटपर्यंत वर ढकलायची. "आपल्याकडं आवाज मोठा लागतो," हे त्यांचे ब्रह्मवाक्य. स्पीकर तर कधीचाच फाटला आहे. त्यातून सगळेच तडतडते, म्हणून खरी तडतड त्यांना कळतच नाही. माझी वायर मात्र कॉम्प्युटरला लावलेलीच असते, त्यामुळे मला सगळे ऐकावे लागते.

यंदाच्या एप्रिलात कापडदुकानदार राजशेखर आले. त्यांच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता आणि तिच्या बारशाचा व्हिडिओ त्यांना पडद्यावर दाखवायचा होता. त्यात त्यांच्या मोठ्या बहिणीने, शिवकन्याताईंनी, पाळणा म्हटला होता. बारशानंतर दोन महिन्यांनी ताईंच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि लातूरच्या डॉक्टरांना त्यांचे स्वरयंत्र काढावे लागले. त्यांचा आवाज आता फक्त या व्हिडिओत उरला होता. आणि या शहाण्या भावाने मेमरी भरली म्हणून व्हिडिओ दुकानाच्या कॉम्प्युटरवर टाकून मोबाइलमधून पुसलासुद्धा होता!

बारशाच्या वेळी खोलीत कूलर घरघरत होता. उमाशंकरांनी नेहमीप्रमाणे गाणे टाकले.

"अहो, गाणं काढा ते. ताईचा आवाज पाहिजे मला," राजशेखर म्हणाले.

मग उमाशंकरांनी पट्टी वर ढकलली. एक्स्पोर्ट होऊन तयार झालेल्या व्हिडिओत पाळण्याचा प्रत्येक शब्द फुटला. इतका की राजशेखरांनाही ते कळले. मग खरखर काढायचे बटण शेवटपर्यंत फिरवले. कूलर गेला, पण ताई रांजणात बसून गात आहेत असे वाटू लागले.

"आता बगा, एकदम क्लीन. शेवटी धपधप येऊन राहिली होती, ती बी काढली."

राजशेखर कंटाळले होते. "चालतंय, द्या," म्हणाले.

उमाशंकरांचा हात माउसकडे गेला. काम दिले की मूळ व्हिडिओ पुसून जागा मोकळी करायची त्यांची सवय. मला ओरडावेसे वाटले.

बाकावर भाचीला मांडीवर घेऊन शिवकन्याताई बसल्या होत्या. भाचीला भावाकडे देऊन त्या उठल्या आणि त्यांनी टेबलावर जोरात हात आपटला. मग त्यांनी मला खिळ्यावरून काढले. माझ्या गाद्या पाहून नाक मुरडले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण त्यांनी पदराने मला पुसले, कानाला लावले आणि मूळ व्हिडिओकडे बोट दाखवले.

पाळणा सुरू झाला. त्यांनी हाताने खूण केली, आवाज खाली.

"लई बारीक होईल की, ताई."

पुन्हा तीच खूण. पट्टी खाली आली तशी तडतड थांबली. खरखरीचे बटणही अर्ध्यावर आले. कूलर थोडा राहिला, पण आवाज माणसाचा झाला. शेवटी बाळाच्या कानात नाव सांगताना धपधप ऐकू आली.

"माईक आपटला असंल. काढू का?"

ताईंनी मोबाइलवर लिहून दाखवले, "माईक नाही, माझी पाठ आहे ती. राहू द्या."

आत्या नाव ठेवते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. चारशे बारशी मिक्स केलेल्या माणसाला ते ओळखू आले नाहीत, कारण प्रत्येक बारशावर त्याने गाणेच टाकले होते! मला त्यांची इतकी चीड कधी आली नव्हती.

व्हिडिओ नीट एक्स्पोर्ट झाला. मूळ व्हिडिओ राजशेखरांनी पेनड्राइव्हवर घेतला. निघताना ताईंनी माझी एक बाजू भाचीच्या कानाला लावली आणि पाळण्याबरोबर नुसते ओठ हलवू लागल्या. पोरगी टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आत्याच गाते आहे असे तिला वाटले असणार. राजशेखरांनी तोंड रस्त्याकडे फिरवले.

मित्रांनो, तुमच्याही घरातले कोणीतरी असेच एखाद्या मोबाइलमध्ये, कूलरच्या घरघरीमागे बोलत असेल. पट्टी वर ढकलण्याआधी हेडफोन पुसून कानाला लावा आणि आधी त्याचे ऐका. त्याच्यावर गाणे टाकू नका.