तीन दिवस गोळ्या बंद

कलकत्त्याच्या सियालदह स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर चारुदत्त पोंक्षे खिळल्यासारखा थांबला, तेव्हा डॉक्टर सुनीतीने आधी घड्याळ पाहिलं. अडीच. तीनला हॉस्पिटलात कॅमेरावाला येणार होता.

पोंक्षे बेचाळीस वर्षांचा, डमडमला भावाकडे राहणारा. लहानपणी त्याच्या मेंदूला सूज आली होती, त्या सुजेने तिशीनंतर डाव साधला. हात थरथरू लागले, चेहरा लाकडासारखा झाला, चालता चालता पाय जमिनीला चिकटू लागले. पण पुढ्यात खडूची आडवी रेघ मारली की हाच माणूस ती सहज ओलांडून जायचा. वॉर्डाच्या व्हरांड्यात रेघा मारून सुनीतीने वर्षभर त्याची पावलं मोजली होती. आज त्याची फिल्म घ्यायची होती. आजार फिल्ममध्ये स्वच्छ दिसावा म्हणून तिने तीन दिवस त्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि म्हणूनच त्याला आणायला ती स्वतः आली होती.

“तुमच्या फिल्मचा नट रुसलाय,” पोंक्षे पुटपुटला. “त्याला रेघ द्या, डॉक्टरीणबाई.”

“नखरे फार झालेत नटाचे,” म्हणत तिने पर्समधून खडू काढला.

रेघ, पाऊल, रेघ, पाऊल. असे ते रस्त्याच्या मध्यावर आले, आणि एका बाजूने तांदळाच्या भावासाठी निघालेला बजबज गावच्या गिरणी कामगारांचा मोर्चा आला, दुसऱ्या बाजूने लाठ्या उगारलेले पोलीस.

पहिली लाठी एका म्हाताऱ्याच्या कानशिलावर बसली. तो ट्रामच्या रुळांवर पडला आणि उठला नाही. विटा सुटल्या. एका शिपायाचं तोंड फुटलं, तो गुडघ्यांवर आला, तसं लोकांनी त्याला लाथांखाली घेतलं.

“हटो!” एक हवालदार पोंक्षेपुढे येऊन ओरडला.

पोंक्षे पापणीही न हलवता त्याच्याकडे बघत राहिला. हवालदाराला तो चेहरा मगरूर वाटला असावा. लाठी खांद्यावर बसली. हाड मोडल्याचं सुनीतीने ऐकलं.

“बीमार आदमी है,” ती मध्ये पडली. पुढची लाठी पोंक्षेच्या बरगड्यांवर बसली, त्यापुढची डोक्यावर. तो पडलासुद्धा नाही. हवालदार दुसऱ्या कुणामागे धावला.

ती रेघ मारायला खाली वाकली. कुणाचा तरी बूट तिच्या उजव्या हातावर पडला. खडूचा चुरा झाला. बोटं मिटेनात.

मग ती त्याच्या पायांपुढे रस्त्यावर आडवी पडली.

“ओलांडा.”

त्याने पाय उचलला. तो तिच्यावरून गेला, तीन पावलं चालला, पुन्हा चिकटला. ती उठली, धावली, पुन्हा त्याच्यापुढे आडवी झाली. पळणारी माणसं तिला तुडवून गेली. एक वीट नडगीवर आली. चौथ्या वेळी त्याचीच टाच तिच्या पोटावर पडली. सातव्या वेळी बटाट्याच्या एका गोदामाचं दार आलं आणि आतल्या हमालांनी दोघांना ओढून घेतलं.

पोंक्षेला पोत्यांवर बसवलं. कानातून रक्त येऊन कॉलरमध्ये मुरत होतं.

“मोजलंत?” त्याने विचारलं.

“नाही.”

“सात. एकदा पाय चुकला. राग मानू नका.”

सुनीतीने दातांनी पर्स उघडली. त्याच्या गोळ्यांची बाटली आतच होती, फिल्म झाल्यावर द्यायची म्हणून तिने सकाळीच घेतलेली. तिने एक गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. हमालाने पाणी पाजलं. ते ओठांच्या कडेने बाहेर आलं, गोळीही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी केसपेपरवर ‘दंगलीत डोक्याला मार’ एवढं लिहून सही केली.

“खाली आणखी लिहायचंय,” सुनीती म्हणाली. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता.

“त्याने काय होणार आहे, सुनीतीबाई? माणूस लाठीने गेला.”

“लाठी आली तेव्हा तो पळू शकत नव्हता.”

तिने पेन डाव्या हातात घेतलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं, पण वाचता येत होतं: ‘तीन दिवस गोळ्या बंद. माझ्या सांगण्यावरून.’ खाली तिने पूर्ण नाव घातलं.